बेदाण्याचा फॉर्म, आणि त्या फॉर्मचा परवाना

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे "म्हणजे बघा" फार वेळा येतं, ते इथे थोडं कमी केलंय.

आजचा विषय ऐकून तुम्ही पुढचा भाग लावाल अशी मला भीती आहे, म्हणून आधीच सांगतो. विषय आहे सरकारी फॉर्म. पण या फॉर्मांच्या मागे एक खटला आहे, आणि तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. भांडण कशावरून? बेदाण्यावरून. आपल्या शिऱ्यात पडतो, त्याच बेदाण्यावरून.

आधी थोडी ओळख. कॅलिफोर्नियात बेदाण्यासाठी जी द्राक्षं मुख्यतः लावतात, ती थॉमसन सीडलेस. नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना हे नाव नवीन नाही. आपली तास-ए-गणेश ही त्याच थॉमसनमधून निवडलेली जात. फरक वाळवण्यात आहे. तिकडे पारंपरिक पद्धतीत घड कागदाच्या ट्रेवर, दोन ओळींच्या मधे, थेट उन्हात पसरतात. म्हणून तो माल काळपट होतो. आपल्याकडे तासगाव-सांगलीत घड डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर वाळवतात, म्हणून बेदाणा हिरवट-पिवळा दिसतो. द्राक्ष तेच, दुखणंही तेच: पीक जास्त आलं की भाव पडतो.

भाव पडू नये म्हणून काढलेला कायदा

१९३० च्या दशकात अमेरिकेत महामंदी होती. शेतमालाला भाव नव्हता. तेव्हा १९३७ मध्ये एक कायदा आला, अॅग्रिकल्चरल मार्केटिंग अॅग्रीमेंट अॅक्ट. त्याखाली एखाद्या पिकासाठी 'मार्केटिंग ऑर्डर' काढता येते. 'ऑर्डर' म्हणजे इथे मागणी नव्हे, आदेश. कोणत्या प्रतीचा माल बाजारात जाईल, आकार काय असेल, तपासणी कोण करेल, प्रचाराचा आणि संशोधनाचा खर्च कसा वाटला जाईल, हे सगळं त्यात येतं. फळं, भाज्या, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, फुलं यांना तिकडे 'स्पेशॅलिटी क्रॉप' म्हणतात. असे बरेच आदेश याच पिकांचे आहेत.

एक गोष्ट लक्षात घ्या. हा आदेश सरकार सहसा असाच लादत नाही. उत्पादकांचं मतदान होतं. मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश उत्पादक हवेत, किंवा त्यांच्याकडे मिळून दोन तृतीयांश उत्पादन हवं. नंतर उद्योगातल्याच लोकांची समिती नेमतात आणि कृषी खातं तिच्यावर देखरेख ठेवतं.

आणि नियम थेट लागू होतात ते शेतकऱ्याला नव्हे, तर 'हँडलर'ला. म्हणजे माल घेणारा, साफ करणारा, प्रतवारी करून पॅक करणारा. कॅलिफोर्नियाच्या बेदाण्याचा असा आदेश १९४९ पासूनचा.

मग फॉर्म कुठून आले?

साधा विचार करा. किती माल आला हेच माहीत नसेल तर समिती नियम कशावर ठरवणार? म्हणून हँडलरने दर आठवड्याला किती बेदाणा घेतला, याचा रिपोर्ट द्यायचा. माल कुठे गेला, शिल्लक किती, याचा हिशोब द्यायचा. समितीवर जायचं असेल तर नामांकनाचा फॉर्म. मतदानाची मतपत्रिका. हे सगळे कागद 'माहिती गोळा करणे' या एकाच सदरात मोडतात.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आपल्याकडेही सतरा कागद लागतात. विशेष पुढे आहे.

अमेरिकेत सरकारी फॉर्मलाच परवाना लागतो! १९८० मध्ये पेपरवर्क रिडक्शन अॅक्ट नावाचा कायदा झाला, १९९५ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. नियम असा: कोणत्याही केंद्रीय खात्याला दहा किंवा जास्त लोकांना तेच प्रश्न विचारायचे असतील, तर आधी राष्ट्राध्यक्षांच्या बजेट कार्यालयाची, म्हणजे ओएमबीची, मंजुरी घ्यायची. भरणं ऐच्छिक असलं तरीही.

मंजुरी कशी मिळते? खातं आधी सरकारी राजपत्रात सूचना छापतं आणि ६० दिवस लोकांची मतं मागवतं. मग प्रस्ताव ओएमबीकडे जातो, आणि पुन्हा ३० दिवस मतं मागवली जातात. मंजुरी मिळाली की फॉर्मवर एक नंबर येतो. शेती मालाच्या विपणनाचं काम बघणाऱ्या विभागाचे नंबर ०५८१ ने सुरू होतात. ही मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची. पुढे चालू ठेवायची तर सगळं पुन्हा.

मिनिटांचा हिशोब

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. त्या सूचनेत खात्याला लिहावं लागतं की फॉर्म भरायला सरासरी किती वेळ लागेल. समजा, एका फॉर्मला १५ मिनिटं. २० पॅकर आहेत, आणि दर आठवड्याला भरायचा आहे. म्हणजे वर्षाला १,०४० फॉर्म, आणि २६० तास. (हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.) हे २६० तास म्हणजे सरकारने लोकांवर टाकलेला 'भार', आणि तो छापून सांगायचा.

मग लोकांना विचारतात: ही माहिती खरंच गरजेची आहे का? वेळेचा अंदाज बरोबर आहे का? माहिती अधिक नेमकी आणि उपयोगी कशी होईल? ऑनलाइन वगैरे करून त्रास कमी करता येईल का? एखादा पॅकर लिहू शकतो, "अहो, १५ मिनिटं नाही, माझा माणूस एक तास बसतो." ते उत्तर नोंदीत जातं.

आणि सगळ्यात मोठं: फॉर्मवर चालू, वैध नंबर नसेल, तर तो भरला नाही म्हणून तुम्हाला दंड करता येत नाही. कायद्यातच लिहिलंय.

पण नंबर असला तर?

तर मात्र गंमत नाही. इथे येतात मार्विन आणि लॉरा हॉर्न, कॅलिफोर्नियाचे बेदाणा उत्पादक.

त्या आदेशात तेव्हा एक तरतूद होती: राखीव साठा. भाव टिकावा म्हणून पिकाचा ठराविक वाटा बाजूला काढून समितीच्या हवाली करायचा. समिती तो निर्यातीला द्यायची, शाळांना द्यायची, कधी फुकटही वाटायची. खर्च जाऊन उरलं तर शेतकऱ्याला. २००२-०३ मध्ये हा वाटा होता ४७ टक्के, पुढच्या वर्षी ३० टक्के. पहिल्या वर्षी त्या मालाचे पैसे उत्पादन खर्चापेक्षाही कमी मिळाले. दुसऱ्या वर्षी? काहीच नाही.

हॉर्न म्हणाले, आम्ही आमचा माल स्वतः पॅक करतो, आम्ही हँडलर नाही, आणि माल देणार नाही. सरकारने सकाळी आठ वाजता ट्रक पाठवले. त्यांनी आत येऊ दिले नाहीत. मग कारवाई झाली. न दिलेल्या बेदाण्याची किंमत सुमारे ४,८०,००० डॉलर, वर दोन लाखांहून थोडा जास्त दंड. आणि आरोपांची यादी बघा: माल राखून ठेवला नाही, हे तर आहेच. पण चुकीचे रिपोर्ट दिले, दप्तर तपासू दिलं नाही, समितीची वर्गणी भरली नाही, हेही त्यात आहे. म्हणजे तो साधा दिसणारा फॉर्म थेट आरोपांच्या यादीत आला.

२२ जून २०१५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. आठ विरुद्ध एक मताने सांगितलं की शेतकऱ्याचा बेदाणा प्रत्यक्ष उचलून नेणं म्हणजे मालमत्ता घेणं आहे, आणि योग्य मोबदला दिल्याशिवाय ती घेता येत नाही. घर असो, गाडी असो की बेदाणा. हॉर्न यांचा दंड गेला.

पण कोर्टाने फॉर्म रद्द केले नाहीत. माल उचलणं एक, माहिती मागणं दुसरं. २०१८ मध्ये राखीव साठ्याची तरतूद आदेशातून काढली गेली. आदेश राहिला, रिपोर्ट राहिले.

आपल्याकडे काय?

आपल्या द्राक्षांची कथा वेगळ्या दारातून येते. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर अपेडाने 'ग्रेपनेट' उभं केलं. आज युरोपला द्राक्ष पाठवायचं तर कृषी खात्याकडे बागेची नोंदणी, फवारणीची वही, लॅबचा अहवाल, अॅगमार्क आणि फायटोसॅनिटरी दाखला. हेतू भाव सांभाळण्याचा नाही, पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढण्याचा आहे. हा कागद नसता तर एका बागेच्या चुकीत सगळ्या जिल्ह्याचा माल अडकला असता. म्हणून "कागद म्हणजे त्रासच" हे म्हणणं मला पटत नाही.

पण मिनिटं कोण मोजतं? आपल्याकडे २०१४ पासून धोरण आहे की कायद्याचा किंवा नियमाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. फॉर्मपुरता मात्र तसा वेगळा केंद्रीय कायदा नाही. फवारणीची वही रात्री जेवण झाल्यावर घरातलं कोणीतरी भरतं. त्या अर्ध्या तासाची नोंद कुठल्याच राजपत्रात नसते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. तुमच्या बाबांसाठी, काकांसाठी पुढचा फॉर्म मोबाइलवर तुम्हीच भरणार आहात. तेव्हा तीन गोष्टी विचारा: हा कोणत्या नियमाखाली मागितलाय? माहिती कुणाकडे जाणार? नाही भरला तर काय होईल? आणि भरलेल्याचा स्क्रीनशॉट ठेवा, कारण हॉर्न यांच्या बाबतीत बघितलंत ना, वेळ आली की आपलाच कागद आपल्याविरुद्ध बोलतो.

तुमच्या घरी सगळ्यात जास्त वेळ खाणारा फॉर्म कोणता, आणि किती मिनिटं लागतात, घड्याळ लावून मोजा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. तोपर्यंत, भेटूच!