सायलेन्सर, एअरगन, तलवार: परवान्याबाबतचे गैरसमज

नागपूर शहरात शस्त्र परवान्यासाठी पोलीस आयुक्तांकडे अर्ज करायचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गल्लत होते ती परवाना कशाकशाला लागतो, यात.

गैरसमज: सायलेन्सर म्हणजे नुसती नळी. तिला कसला परवाना?
वस्तुस्थिती: गोळीबाराचा आवाज किंवा झळाळी कमी करणारी जोडणी 1959च्या शस्त्र कायद्यातल्या अग्निशस्त्राच्या व्याख्येतच येते. त्यामुळे बंदूक नसताना नुसता सायलेन्सर सापडला तरी गुन्हा होतो. विनापरवाना अग्निशस्त्राला 2019च्या दुरुस्तीनंतर 2 ते 5 वर्षांची कैद आहे. बंदुकीचा साधा परवाना सायलेन्सरला चालत नाही.

गैरसमज: परवाना मिळाला की कोणतंही हत्यार घ्या.
वस्तुस्थिती: कोणतं हत्यार, किती बोअरचं, हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. चाप दाबून धरला की सलग गोळ्या झाडणारी शस्त्रं प्रतिबंधित आहेत. केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ती बाळगली तर 7 ते 14 वर्षांची कैद.

गैरसमज: एअरगनला परवाना लागतच नाही.
वस्तुस्थिती: 2016च्या नियमांनुसार ही सूट .177 इंचापर्यंतच्या बोअरला आणि 20 ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेलाच आहे. .22ची एअर रायफल घेताना परवाना हवाच.

गैरसमज: खंडेनवमीला पुजतो ती तलवार, मिरवणुकीत नेली तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती: 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. विळा, खुरपं अशी निव्वळ घरची-शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37खाली मनाई आदेश असताना तलवार परजत निघालात, तर पुजेची सबब चालणार नाही.

गैरसमज: पीकरक्षणासाठी भरमार बंदूक मिळाली, म्हणजे रानडुकरं मारायला मोकळे.
वस्तुस्थिती: पीकरक्षणासाठी भरमारचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण रानडुकराला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारायला वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

गैरसमज: आजोबांची बंदूक, म्हणजे आता नातवाची.
वस्तुस्थिती: परवानाधारक गेला की वारसाने हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रांची मुभा आहे. वारशाने आलेलंही त्यात मोजतात. अर्जाचं नंतर बघता येईल, हत्यार मात्र आधी जमा करा.