विहिरीची पातळी हेच विजेचे खरे बिल
लेखमाला : तापीकाठचे हवामान | लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण मोठे प्रकल्प पाहिले. भुसावळजवळ दीपनगरला ६६० मेगावॉटचा नवा कोळसा संच उभा राहिला. दुसरीकडे साक्री तालुक्यात शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३पासून वीज देतो आहे आणि ब्राह्मणवेलच्या माळावर पवनचक्क्या फिरत आहेत. कोळसा की सूर्य, हा निर्णय मुंबई-दिल्लीत होतो. आपल्या हातातला निर्णय मात्र शेतात आहे, म्हणून आज विहिरीवर जाऊ.

यावल-रावेरच्या केळीच्या बागेत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पाने करपतात, घड सटकतात. शेतकरी बांधावर शेवरी लावतो, बागेभोवती हिरवी जाळी बांधतो, घड वाळल्या पानांनी झाकतो. पण बाग वाचवणारी खरी गोष्ट पाणी. भर उन्हाळ्यात एका झाडाला ठिबकने दिवसाला वीसेक लिटर पाणी द्यावे लागते. एकरी दीड हजार झाडे धरली, तर रोज ३० हजार लिटर झाले.

हे पाणी २०० फुटांवरून उपसायचे असेल, तर नेहमीच्या पंपाला साधारण १२ युनिट वीज लागते. पाणी ४०० फुटांवर गेले की तेवढ्याच पाण्याला २४ युनिट. झाडे तीच, पाणी तेवढेच, वीज मात्र दुप्पट. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे पातळी खाली गेल्यामुळे एका एकरामागे रोज बारा किलोचा जादा बोजा हवेवर पडतो. त्यातून हवा तापते, तापल्या हवेत बाग जास्त पाणी मागते आणि बोअर आणखी खोल जाते.

हा खर्च शेतकऱ्याला दिसत नाही. २०२४पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. रात्रीच्या अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत बारे देणाऱ्या माणसाला सवलत मिळू नये, असे मी म्हणणार नाही. दिवसा वीज हा त्याचा हक्कच आहे आणि ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेचे मी मनापासून स्वागत करतो. दहा टक्के हिस्सा भरून पंप मिळतो, धूर नाही, रात्रीचे जागरण नाही.

पण सौरपंपाची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. पॅनेल बसले की पुढचे पाणी उपसायला एक रुपयाही लागत नाही. ऊन भरपूर आणि वीज फुकट असली की पंप बंद करायचे कारण उरत नाही. यावल आणि रावेर हे तालुके सरकारी मूल्यांकनात अतिउपशाच्या यादीत आलेले आहेत. तिथे पाणी जिरवण्याची जोड न देता नुसते पंप वाटले, तर हवा वाचेल आणि विहीर मरेल.

पाणी जिरवण्याचे धडे घ्यायला लांब जावे लागत नाही. शिरपूर तालुक्यात निवृत्त भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी आमदार अमरीश पटेल यांच्या पाठबळाने २००४पासून नाले रुंद आणि खोल केले, त्यांवर साखळीने बंधारे बांधले. तापीकाठच्या गाळाच्या थरात मधे चिकणमातीचे पट्टे आहेत. ते पाणी खाली जाऊ देत नाहीत. ते फोडल्यावर कोरड्या विहिरींना पाणी आले. हा उपाय सरसकट चालत नाही. काळ्या कातळाच्या भागात नाला नको तेवढा खोदला, तर आजूबाजूच्या विहिरींचेच पाणी त्यात उतरू शकते. म्हणून यंत्र लावण्याआधी जमिनीचे थर तपासायला हवेत.

साक्रीच्या बारीपाड्याने दुसरा मार्ग धरला. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने नव्वदच्या दशकात चारशेहून अधिक हेक्टर जंगलात कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, मोडणाऱ्याला दंड ठेवला. जंगल परतले, त्यामागून झरे आणि विहिरींचे पाणी परतले. २०२५मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली.

आणि पाणी वाटून घेण्याची शिस्त तर धुळे जिल्ह्याची स्वतःची आहे. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडत. कोणत्या फडात कोणते पीक, हे गावाने बसून ठरवायचे. पाटकऱ्याने पाणी फिरवायचे, जागल्याने राखण करायची. पाणी कमी असलेल्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवत. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे, त्यामुळे तोटाही सगळ्यांत वाटला जाई.

माझे मत असे, की खान्देशात सौरपंप आणि भूजल पुनर्भरण या दोन वेगळ्या योजना राहता कामा नयेत. ज्या गावाने पाणी जिरवले, मोजले आणि पिकांचा ताळेबंद मांडला, त्या गावाला सौरपंप आधी मिळावेत. भारताने २०७०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले आहे. त्यातला आपला वाटा विहिरीच्या काठावर ठरणार आहे.

यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. एक दोरी आणि एक वही पुरते. दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, गावातल्या आठ-दहा विहिरींची पातळी मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहा. पुढच्या ग्रामसभेत त्या आकड्यांवरून ठरवा, की यंदा केळी किती, हरभरा किती आणि कोणता नाला आधी अडवायचा. हा विषय तुमच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तुम्हीच घाला.