डिंक नको, घासाघीस हवी

मी पेशाने कोड लिहिणारा, पण आजचा एपिसोड गाडीच्या बॉनेटखालचा आहे.

मागच्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा थेट लाल पट्ट्यात. बॉनेट उघडलं, तर रेडिएटरला जोडलेली कूलंटची पांढरी टाकी असते ना, तिच्या मधल्या शिवणीतून पाझरत होतं. (इंजिन गरम असताना तिचं झाकण उघडू नका, भाजेल.) मेकॅनिकदादांना म्हटलं, "इपॉक्सी लावा ना." ते हसले. "साहेब, याला काही चिकटत नाही."

खरंच आहे. ही टाकी सहसा पॉलिप्रोपिलिनची. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, तसा त्यावर गोंद धरत नाही. मग कारखान्यात दोन अर्धे भाग जोडतात कसे? वितळवून. एक पद्धत तापलेल्या प्लेटची. दुसरी, मला जाम आवडलेली, व्हायब्रेशन वेल्डिंगची. खालचा भाग घट्ट धरायचा, वरचा त्यावर दाबून सेकंदाला 100 ते 240 वेळा मागेपुढे घासायचा. हालचाल जेमतेम एक ते चार मिलिमीटर. थंडीत तळहात चोळतो, तसंच. काही सेकंदांत फक्त सांध्यावरचा थर वितळतो, मशीन थांबतं, आणि दाब तसाच ठेवून सांधा गार होऊ देतात. गोल नळीचं तोंड बसवायचं असेल तर गरगर फिरवतात. ते स्पिन वेल्डिंग.

मला वाटायचं, जितका दाब जास्त तितका सांधा पक्का. उलटंच आहे! जास्त दाबलं की वितळलेला थर बाहेर निसटतो आणि मध्ये उरतो पातळ पापुद्रा.

नायलॉनची गंमत वेगळीच. फोक्सवॅगनच्या 1.4 टीएसआय (ईए211) इंजिनात इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डच्या आतच बसवलेला आहे. प्लॅस्टिकचे मॅनिफोल्ड सर्रास याच घासाघिशीने जोडतात. त्या नायलॉनमध्ये ताकदीसाठी काचेचे तंतू असतात, बऱ्याचदा 30 टक्के. पण घासताना ते सांध्यालगत आडवे झोपतात, पलीकडे जातच नाहीत. म्हणजे भिंत कितीही दणकट असली तरी शिवणीची ताकद फार तर साध्या नायलॉनएवढी. म्हणून तिथे कड मुद्दाम रुंद ठेवतात. शिवाय नायलॉन हवेतला ओलावा शोषतं. ओले भाग वेल्ड केले की सांध्यात बुडबुडे.

आणि बाहेर निसटलेलं प्लॅस्टिक? त्याचा तुकडा आत सुटला तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकू शकतो. म्हणून ते साठायला कडेला खाच ठेवतात.

आम्ही थांबत थांबत, पाणी घालत साताऱ्यात पोहोचलो आणि नवी टाकी बसवली. जुनी मी हॅक्सॉने कापली. शिवणीच्या आतल्या अंगाला वितळून गोठलेली बारीक गोट हाताला लागते. ती आता माझ्या टेबलावर आहे, आई म्हणते भंगारात टाक.