सहलीची होडी : भाडे ठरवण्याआधीचा हिशेब

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लातूर सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तर नांदेड साडेतीनशे मीटरांच्या थोडे वर. पाटी रोज पाहणाऱ्या मुलांनी समुद्र बहुधा पाहिलेला नसतो. मग दिवाळीनंतर सहलींचा हंगाम सुरू होतो. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची, गेटवे ऑफ इंडिया पाहायचे आणि समुद्रात एक फेरी मारायची, असा बेत ठरतो. पूर्वी ही फेरी म्हणजे तिकीट काढून घारापुरीच्या लाँचमध्ये बसणे एवढीच असे. आता गेटवेजवळ शिडाच्या आणि इंजिनाच्या यॉट तासाच्या भाड्याने मिळतात. मालवण, मुरूड अशा ठिकाणीही गट करून सबंध होडी ठरवता येते. माणशी खर्च काढला तर तो अनेकदा आवाक्यातला वाटतो.

सबंध होडी ठरवली की एक गोष्ट बदलते. तिकिटाच्या लाँचमध्ये किती माणसे घ्यायची, हे आपल्याला कोणी विचारत नाही. भाड्याच्या होडीत मात्र धक्क्यावर उभे राहून आपणच म्हणतो, "चार मुले उरली आहेत, तेवढी बसवून घ्या." दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतात आणि गाडीची वेळही गाठता येते. या एका वाक्याचा अर्थ काय होतो, हे वर्गात फळ्यावर काढून पाहता येईल. नववी-दहावीचे गणित आणि आर्किमिडीजचे तत्त्व एवढे भांडवल त्याला पुरते.

होडी किती खाली जाते?

हिशेब सोपा व्हावा म्हणून होडी पेटीसारखी आहे असे मानू. लांबी ६ मीटर, रुंदी २ मीटर, तळापासून काठापर्यंतची उंची ४५ सेंटिमीटर. रिकाम्या होडीचे वजन इंजिनासह १२०० किलो. तीत ६० किलोची २० माणसे बसली, तर एकूण वजन २४०० किलो होते.

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. समुद्राचे एक घनमीटर पाणी साधारण १०२५ किलो भरते. आपल्या होडीचा तळ १२ चौरस मीटर आहे. म्हणून ती पाण्यात २४०० ÷ (१०२५ × १२) म्हणजे सुमारे १९.५ सेंटिमीटर रुतेल आणि २५.५ सेंटिमीटर काठ पाण्यावर उरेल.

आता आणखी दहा माणसे घेऊ. वजन ६०० किलोंनी वाढले. होडी किती खाली गेली? फक्त पाच सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे रुंदीही नाही. धक्क्यावरून पाहणाऱ्याला काही फरकच दिसत नाही. तो म्हणतो, "अजून वीतभर काठ वर आहे की!" फसगत होते ती इथे. होडीत गर्दी झाली की ती सरळ खाली बुडेल अशी भीती आपल्याला वाटते, आणि तसे काही होताना दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त होतो. प्रवासी होड्यांच्या बाबतीत खरा धोका कलण्याचा असतो.

होडी कलते आणि सावरते कशी?

होडीवर दोन बले काम करतात. सगळे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, तर पाण्याचे प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. होडी सरळ असताना ही दोन्ही बले एका उभ्या रेषेत असतात. होडी उजवीकडे कलली की उजवी बाजू जास्त बुडते, त्यामुळे बुडालेल्या भागाचा मध्यही उजवीकडे सरकतो. प्लावक बल आता त्या बाजूने वर ढकलू लागते आणि होडीला पुन्हा सरळ करते.

पण गुरुत्वमध्य जितका उंच, तितका तोही कललेल्या बाजूकडे झुकतो आणि सावरणारा जोर कमी करतो. म्हणून बसलेल्या माणसांची होडी स्थिर असते आणि तीच माणसे उभी राहिली की अस्थिर होते. वजन तेच असले तरी त्याची उंची बदललेली असते.

मराठवाड्यातल्या मुलांना यासाठी दूरचे उदाहरण द्यायला नको. ओढ्या-नद्यांना पूर आला की गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडून माणसे पैलतीरी नेतात, हे अनेक गावांनी पाहिले आहे. काहील रुंद आणि उथळ असते. माणसे तळाशी उकिडवी बसली की ती तरते. एकजण मध्येच उभा राहिला की सगळे ओरडतात. त्या ओरडण्यामागे हेच भौतिकशास्त्र आहे.

दहा माणसे बाजू बदलतात तेव्हा

आपल्या होडीत दहा माणसे डाव्या बाकावर आणि दहा उजव्या बाकावर बसली आहेत. दोन बाकांमधले अंतर १.२ मीटर. उजवीकडे डॉल्फिन दिसला आणि डावीकडची दहाही माणसे उजवीकडे गेली. होडी किती कलेल?

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी कृती देतो. बुडालेल्या भागाचा मध्य तळापासून सुमारे १० सेंटिमीटरवर आहे. पेटीच्या आकाराच्या होडीत त्याच्या वर 'रुंदीचा वर्ग ÷ (१२ × रुतलेली खोली)' इतक्या अंतरावर एक बिंदू असतो. त्याला मेटासेंटर म्हणतात. इथे हे अंतर ४ ÷ (१२ × ०.१९५) म्हणजे १.७१ मीटर, म्हणून मेटासेंटर तळापासून १.८१ मीटरवर आला. होडीचा स्वतःचा गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटरवर आणि बसलेल्या माणसांचा ९० सेंटिमीटरवर मानला, तर एकत्रित गुरुत्वमध्य ६५ सेंटिमीटरवर येतो. दोहोंतले अंतर १.१६ मीटर. हे अंतर म्हणजे होडीच्या स्थैर्याचे माप. ते शून्यावर आले की होडी सरळ राहूच शकत नाही.

सरकलेले वजन गुणिले सरकलेले अंतर : ६०० × १.२ = ७२०. याला २४०० × १.१६ ने भागले की कलण्याचा उतार मिळतो, सुमारे ०.२६. होडीच्या मध्यापासून काठ एक मीटरवर आहे, म्हणून उजवा काठ २६ सेंटिमीटर खाली जाईल. पाण्यावर काठ उरला होता २५.५ सेंटिमीटर! म्हणजे लाट नसतानाही पाणी आत येऊ लागेल. माणसे उभी राहून वाकली तर काठ ३० सेंटिमीटर खाली जातो.

हाच हिशेब ३० माणसांसाठी करून पाहा. होडी आणखी रुतल्यामुळे स्थैर्याचे अंतर १.१६ वरून ०.७९ मीटरवर येते आणि पाण्यावरचा काठ २०.६ सेंटिमीटर राहतो. आता दहा नव्हे, केवळ सात माणसांनी बाजू बदलली तरी काठ पाण्याला टेकतो. डोळ्यांना पाच सेंटिमीटरच दिसलेली ती गर्दी अशी वसूल होते. आणि एकदा पाणी आत आले, की ते कललेल्या बाजूलाच धावते आणि कल वाढवते.

खऱ्या होड्यांचा आकार पेटीसारखा नसतो. लाटा, वारा आणि वळण घेताना बसणारा झोलही हिशेबात धरावा लागतो. म्हणून प्रवासी-क्षमतेचा आकडा तज्ज्ञांनी तपासून ठरवलेला असतो. तो आकडा सोयीची सूचना म्हणून वाचायचा नसतो. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची होडी उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. होडीची क्षमता जेमतेम चौदा-पंधरांची होती आणि त्याच्या दुपटीच्या आसपास माणसे बसवलेली होती. सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते. तिथे समुद्र नव्हता, भरती नव्हती, वादळही नव्हते.

यॉट वेगळी असते का?

'यॉट' हा शब्द डच भाषेतून आला. मूळ अर्थ पाठलाग किंवा शिकार. वेगवान हलक्या जहाजांना तो लावत. शिडाच्या यॉटच्या तळाखाली बहुधा एक जड पाते पाण्यात खोल उतरलेले असते. त्यात शिसे किंवा लोखंड भरलेले असल्याने गुरुत्वमध्य फार खाली जातो. म्हणून वाऱ्याने ती बरीच कलली तरी सावरते. पहिल्यांदा बसणाऱ्याला तो कल भीतिदायक वाटतो, पण तो तिच्या चालीचाच भाग असतो. इंजिनाच्या यॉटला असे पाते बहुधा नसते. ती मुख्यतः रुंदीच्या बळावर स्थिर राहते. वरच्या मजल्यावर मोकळी जागा असेल तर सगळी मुले तिथेच जाऊ पाहतात आणि गुरुत्वमध्य वर चढतो. वरच्या मजल्यावर किती जणांना परवानगी आहे, हे वेगळे विचारावे.

पंचांगातून भरतीची वेळ

होडी ठरवताना तास ठरतात, पण समुद्राचे वेळापत्रक वेगळे असते. पाटीवरची 'समुद्रसपाटी' ही सरासरी आहे. भारतातील उंचीमापनाचा जुना पाया नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या दीर्घ नोंदींवरून ठरवला गेला आणि त्यांत मुंबईचे बंदर होते. ज्या अपोलो बंदरावरून मुले होडीत चढतात, तिथले पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. उधाणाच्या दिवसांत हा फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. धक्क्याच्या ज्या पायरीवरून सकाळी सहज पाय टाकला, ती दुपारी माणसाच्या उंचीहून वर गेलेली असू शकते. शिवाय उघड्या पडलेल्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली एक जुनी रीत आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा. अष्टमीला ८ × ३/४ = ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. ही रीत का चालते? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तितकीच मागे पडते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे, जवळपास तेवढेच. हा अर्थात अंदाज आहे. निघण्याचा दिवस ठरला की छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ पाहावी.

वाऱ्याचेही ध्यानात ठेवावे. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा वाहू लागतो आणि पाणी खवळते, म्हणून लहान मुलांसाठी सकाळची फेरी बरी. पावसाळ्यात, साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किनाऱ्यावरची बहुतेक प्रवासी व पर्यटन नौकावाहतूक बंद असते. त्या काळात कोणी 'खास तुमच्यासाठी' होडी काढतो म्हणाला तर नकार द्यावा.

धक्क्यावर विचारायचे प्रश्न

१. होडीच्या अंगावर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी-क्षमता रंगवलेली आहे का? त्या क्षमतेत तांडेल व खलाशी धरले आहेत का?

२. प्रत्येकासाठी, आणि मुलांसाठी मुलांच्या मापाचे, लाइफ जॅकेट आहे का? मोठे जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात वर सरकते. ते फेरी सुरू होण्याआधी, धक्क्यावरच, बंद लावून घालावे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि दहाहून अधिक माणसे दगावली. आपली होडी कितीही व्यवस्थित असली तरी दुसऱ्याची चूक अचानक येते, आणि तेव्हा जॅकेट शोधायला वेळ नसतो.

३. इंजिन बंद पडले तर काय सोय आहे? किनाऱ्याशी बोलण्याचे साधन कोणते?

४. हवा बिघडली तर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा? याचे उत्तर आपणही आधीच मान्य करावे : पैसे आपले असले तरी पाण्यावर शब्द तांडेलाचा.

मुलांना सांगायचे ते थोडेच आहे. बसून राहा, काही दिसले तर जागेवरूनच पाहा, फोटोसाठी एका बाजूला जाऊ नका.

वर्गात करून पाहा

पसरट टबात पाणी घेऊन त्यावर डब्याचे पसरट झाकण तरंगवा. दोन्ही कडांना सारखी नाणी मांडा आणि काठ पाण्यावर किती उरतो ते पट्टीने मोजा. आता एका कडेची नाणी एकेक करून दुसरीकडे न्या. कितव्या नाण्याला पाणी आत येते, ते लिहून ठेवा. मग एकूण नाणी दीडपट करून हाच प्रयोग पुन्हा करा. तिसऱ्या वेळी नाणी काडेपेटीवर ठेवून उंच करा. तीनही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा.

ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या मुलांना एवढे पाणी एकत्र पाहण्याचा आनंद जरूर मिळावा. फक्त यादी करताना पटावरच्या संख्येला होडीच्या क्षमतेने भागावे आणि बाकी उरली तर एक फेरी वाढवावी. त्या फेरीचे भाडे सहलीच्या वर्गणीत सुरुवातीलाच धरलेले असले, म्हणजे धक्क्यावर उभे राहून "तेवढी चार मुले बसवून घ्या" असे म्हणण्याची वेळ कोणत्याही शिक्षकावर येणार नाही.