मानेवरचा तो मळ नव्हेच!

आमच्या शेजारच्या वहिनींचा मुलगा दहा वर्षांचा. अंगानं चांगला भरलेला. सारी बिल्डिंग त्याला कौतुकानं ‘लाडू’ म्हणते. दर रविवारी वहिनी डाळीचं पीठ आणि लिंबू घेऊन त्याची मान घासायला बसत. “किती घासा, मेला मळ काही निघत नाही!” मान लालबुंद व्हायची, पोरगं रडायचं, काळेपणा होता तिथंच!

शेवटी तापाच्या निमित्तानं डॉक्टरीणबाईंनी ती मान पाहिली. म्हणाल्या, “वहिनी, हा मळ नाही. याचं वजन, रक्तदाब आणि रक्तातली साखर तपासून घेऊ.”

मैत्रिणींनो, मानेवर, काखेत जाडसर, मखमली काळेपणा दिसला की बहुतेकदा कारण आत असतं. आपल्या शरीरातलं इन्सुलिन रक्तातली साखर पेशींपर्यंत पोचवतं. पोटावर चरबी साठली की पेशी त्याला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि त्या जादा इन्सुलिननं कातडी जाड, काळपट होते. वेळीच सावरलं नाही, तर पुढं मधुमेह, यकृतात चरबी, वाढता रक्तदाब आणि मुलींना पाळीच्या तक्रारी सुरू होऊ शकतात.

“पण आमच्याकडची बाळं तर जन्मतः लहानखुरी!” असं आजीबाई म्हणतील. इथंच तर गंमत आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू. चरबी मात्र त्या मानानं टिकून होती! म्हणून अशा बाळाला ‘बाळसं धरू दे’ म्हणत तूप-साखर भरवत राहणं बरं नव्हे.

मग करायचं काय? उपाशी मुळीच ठेवू नका. वाढतं वय आहे. उंची वाढत असताना वजन आहे तिथं राहिलं, तरी पुष्कळदा तेवढं पुरतं. २०० मिलिलिटर कोल्यात जवळजवळ पाच चमचे साखर असते. त्याऐवजी ताक द्या. बिस्किटांच्या जागी शेंगदाणे, मोडाची उसळ, फळ. फळाचा रस नको, फळच. रोज तासभर घाम येईल असं खेळू द्या. आणि घरात टेप असेलच: पाच वर्षांपुढच्या मुलाच्या कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. मापात फरक दिसला, तर डॉक्टरांना दाखवा.

एक मात्र लक्षात ठेवा. पथ्य एकट्या पोराचं नको. त्याच्या ताटात उसळ आणि ताईच्या ताटात वेफर्स, असं कसं चालेल? वहिनींकडे आता सगळ्यांचंच ताट बदललंय. ‘लाडू’ हे नावही बंद झालंय.

परवा वहिनी सांगत होत्या. डॉक्टरांकडून परतताना लेकानं हळूच विचारलं, “आई, म्हणजे मी घाणेरडा नव्हतोच ना?”

सांगताना त्यांचे डोळे भरून आले. लिंबं मात्र आता सरबतालाही लागत नाहीत म्हणे; वरणावर पिळतात!