फिरणारा पंखा थांबलेला का दिसतो?

मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या पंख्याच्या एका पात्यावर खूण करा आणि अंधारात त्यावर सेकंदाला २५ वेळा लखलखणारा स्ट्रोब दिवा सोडा. दर झोताला ती खूण फेरा पुरा करून मूळ जागी आलेली असते, म्हणून पंखा थांबलेला दिसतो. लखलख किंचित मंदावली, तर तो सावकाश पुढे सरकतो. वाढवली, तर उलटा फिरतो!

अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात विजेच्या स्ट्रोबने वेगवान हालचालींची छायाचित्रं टिपली. आज यंत्र न थांबवता त्याचे फेरे मोजायला स्ट्रोब वापरतात; विमानाच्या पंखांवर तो इशारा देतो.

याच करामतीत धोकाही आहे. जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. तिच्या उजेडात मिनिटाला २००० फेरे घेणारा लेथचा तीन जबड्यांचा चक स्थिर भासू शकतो आणि कामगाराचा हात सहज पुढे जातो. यावर उपाय म्हणजे शेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडणं. शिवाय प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळांच्या लखलखाटाने झटका येऊ शकतो. त्यामुळे डीजेचे दिवे लावण्याआधी सूचना द्यायलाच हवी.