वणव्याची चाल

फेब्रुवारी संपता संपता अमराबादच्या जंगलात वणवे लागल्याच्या बातम्या सुरू होतात. त्या वाचून काचीगुड्याच्या एका वाचकानं विचारलंय: आपली जंगलं दरवर्षी पेटतात, मग अमेरिकेसारखे झाडाच्या शेंड्याहून उंच ज्वाळांचे लोळ इथे का उठत नाहीत?

श्रीशैलमच्या रस्त्यानं मन्ननूर ओलांडलं की जे जंगल लागतं, ते साग, ऐन, धावडा, तेंदू यांचं. मार्चपर्यंत यातली बहुतेक झाडं उघडी पडतात. जळण्याजोगं सगळं जमिनीवर येतं, वर उरतात नुसत्या फांद्या. त्यामुळे आग पाचोळ्यातून आणि वाळक्या गवतातून सरपटत जाते. ज्वाळा बहुधा गुडघ्याएवढ्या, फार तर कंबरेएवढ्या. मोठ्या झाडाच्या सालीला काळिमा लागतो. मरतात ती रोपं, जमिनीवरची घरटी आणि सरपटणारे जीव.

रॉकी पर्वतातल्या सूचिपर्णी मिश्रवनात मात्र जळण वर्षभर झाडावरच टांगलेलं असतं. राळेनं माखलेल्या सुया, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या फांद्या आणि मोठ्या झाडांच्या सावलीत दाटलेली फरची पोरं. आग या शिडीनं वर चढते. शेंड्याला पोचली की वारा तिचा ताबा घेतो आणि ठिणग्या पुढच्या टेकडीवर नेऊन टाकतो. चढावर ती आणखी जोरात धावते, कारण ज्वाळा वरच्या अंगाच्या झाडांना आधीच शेकून सुकवतात.

याच डोंगरांत ॲस्पेनचे पट्टे असतात. झाड रुंद पानांचं, पिंपळासारखी पानं सतत सळसळणारी. उन्हाळ्यात पानं रसरशीत, खाली हिरवा पाला, बुंध्याजवळ फांद्या नाहीत. शेंड्याशेंड्यांवरून आलेली आग इथे अनेकदा जमिनीवर उतरते आणि मंदावते. पण ही खात्री बारमाही नाही. पालवी फुटण्याआधी, पानगळीनंतर, मोठ्या दुष्काळात किंवा मध्ये फर घुसले असतील तर ॲस्पेनही पेटतं. आणि त्याची साल इतकी पातळ, की साध्या आगीतही खोड मरतं.

खोड मरतं, झाड नाही. शेंड्याकडून मुळांकडे येणारा ऑक्सिन नावाचा संप्रेरक मुळांवरच्या कोंबांना दाबून ठेवत असतो. खोड गेलं की तो दाब सुटतो, काळी पडलेली माती तापते आणि हेक्टरी हजारोंच्या संख्येनं धुमारे फुटतात. अशा धुमाऱ्यांतूनच वाढलेलं युटामधलं पँडो हे 43 हेक्टरांवर पसरलेलं, सुमारे 47,000 खोडांचं एकच झाड आहे. आणि तेही नर!

आपल्याकडे हेच कसब तेंदूचं. छाटलं किंवा जाळलं की मुळांतून नवे, कोवळ्या पानांचे धुमारे. विडीचं पान खुडणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून तर हंगामाआधी रानाला काडी लावली जाते. आगीऐवजी झुडुपं छाटली तरी पान मिळतं, फक्त मजुरी पडते.

इथे मला एका विस्मृत माणसाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. 1864 साली हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डिट्रिख ब्रांडिस आगबंदीचे खंदे पुरस्कर्ते. ते बॉनला परतल्यावर गिफर्ड पिंशो नावाचा अमेरिकन तरुण त्यांचं मार्गदर्शन घ्यायला गेला. हाच पिंशो 1905 साली अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. 1910 च्या प्रचंड वणव्यानंतर त्या देशात प्रत्येक आग विझवायचीच असा पण झाला आणि 1935 मध्ये तर दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत, असा दंडक आला.

पण तोवर उलटा पुरावा छापून झाला होता! एच. स्लेड या वनाधिकाऱ्यानं 1896 साली ‘इंडियन फॉरेस्टर’ मासिकात ब्रह्मदेशातल्या अति आगबंदीवर लेख लिहिला. आग थांबवल्यावर ओलसर सागवनांत सावलीत तगणारी झाडं आणि बांबू माजतात, उजेडाचा भुकेला साग मागे पडतो. सागाचं रोप जळालं तरी मुळातून पुन्हा येतं. सावलीतून मात्र येत नाही. पुढे तिथल्या काही सागवनांतून आगबंदी उठवावीही लागली. ॲस्पेनमध्ये फर घुसले आणि मिश्रवनात शिड्या उभ्या राहिल्या, त्यामागची कथा हीच. कोरड्या अमराबादला मात्र स्लेडचा दाखला आंधळेपणानं लावू नये. दरवर्षी जळणाऱ्या रानात रोपाला मोठं व्हायला उसंतच मिळत नाही.

वणवे टिपण्याच्या बाबतीत हैदराबादला एक मान आहे. बालानगरची राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र ही संस्था उपग्रहांवरून वणवे टिपते. तिचं संदेश घेणारं केंद्र शादनगरला आहे. 4 मायक्रॉनच्या आसपासच्या अवरक्त किरणांत आग इतकी झगझगते, की उपग्रहचित्रातल्या एका चौकटीचा अगदी छोटा भाग पेटलेला असला तरी पुरतो. अशी प्रत्येक चौकट नकाशावर एक ठिपका होते. पण मग वर्तमानपत्रं ठिपके मोजून ‘विक्रमी वणवे’ जाहीर करतात, तिथे माझी चिडचिड होते. जुन्या मोडिस यंत्राची चौकट 1 किलोमीटरची, 2011 मध्ये अवकाशात गेलेल्या व्हिअर्सची 375 मीटरची. नजर तीक्ष्ण झाली की ठिपके वाढणारच. त्यात शेतात पेटवलेला पेंढाही असतो. ती आग सरपटत होती की शेंड्यावर चढली होती, हे नुसता ठिपका सांगत नाही.

जमिनीवरची आग किती वेगानं सरपटेल, हे सांगण्यासाठी रिचर्ड रॉदरमेल यांचं 1972 चं गणित अजूनही वापरलं जातं. त्याला वारा आणि उतार लागतात, त्याबरोबर जमिनीवरच्या जळणाचं वजन आणि ओलावाही. हे आकडे मिळवायचे तर कुणीतरी रानात जाऊन ठरावीक चौकटीतला पाचोळा पिशवीत भरायचा, तोलायचा, भट्टीत सुकवायचा आणि पुन्हा तोलायचा. या कामाचा फोटो कोणी छापत नाही.